पोचपावतीवरचा माणूस

2024च्या डिसेंबरात मी उदगीरला आलो, तेव्हा आमच्या घरात दोन माणसांची दोन कामं अडकलेली होती. अण्णांचा फेरफार आणि माझं ग्रीन कार्ड. आजोबा जाऊन दीड वर्ष झालं तरी गावाकडच्या साडेतीन एकरावर अण्णांचं नाव चढलं नव्हतं. आणि अमेरिकेत रीतसर कर भरून, रीतसर बर्फ उपसून माझं दहा वर्षांचं कार्ड नोव्हेंबरात संपलं होतं. नवं कधी येणार, हे तिकडच्या खात्यालाही सांगता येत नव्हतं.

चूक माझीच. कार्ड संपायच्या सहा महिने आधी अर्ज करता येतो. म्हणजे मे महिन्यात करता आला असता. पण आम्ही बारावीचा फॉर्मसुद्धा लेट फी लागल्यावर भरणारी माणसं. ऑक्टोबर उजाडला, बायकोने लॅपटॉप माझ्या मांडीवर आणून ठेवला, तेव्हा कुठे आय-नव्वद नावाचा फॉर्म भरला. फी 415 डॉलर. घरी बोलताना मी आकडा रुपयात सांगितला नाही, कारण आईला रक्तदाबाचा त्रास आहे.

काही दिवसांनी टपालाने एक कागद आला. साधा कागद, आपल्याकडे बँकेतून थकबाकीची नोटीस येते तसला. त्यावर लिहिलं होतं की तुमचा अर्ज मिळाला; हा कागद जुन्या कार्डासोबत दाखवला की ते कार्ड त्यावरच्या तारखेपासून पुढे 36 महिने चालेल, नोकरीला आणि प्रवासालाही. त्याच सप्टेंबरपर्यंत ही मुदत 24 महिने होती. कार्डं लवकर छापायचं जमेना, म्हणून त्यांनी पावतीचंच आयुष्य वाढवलं. हा उपाय वाचून मला पहिल्यांदाच अमेरिकेत घरच्यासारखं वाटलं.

"नवं कार्ड आल्याशिवाय जाऊ नका," बायको म्हणाली.

पण येळवस होती. आजोबांनंतर वर्षश्राद्ध उरकून घरातली पहिलीच येळवस, 30 डिसेंबरला. पुण्यामुंबईच्या लोकांना वेळा अमावस्या म्हणून सांगावं तर ते विचारतात, म्हणजे काय? म्हणजे लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी कलेक्टर सुट्टी देतो, गाव ओस पडतं, दुकानांची शटरं खाली आणि अख्खं खानदान शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, आत पांडवांचे पाच दगड, भज्जी, उंडे आणि माठभर आंबील. यासाठी माणूस कार्ड संपलेलं असताना समुद्र ओलांडतो. ज्याला हे कळत नाही त्याने आंबील प्यालेली नाही.

तर मी आलो. आलो ते शर्टाच्या आतल्या खिशात कागद घालून. विमानात झोपेतही हात खिशावर. शेजारच्या बाईंना वाटलं मला हृदयविकार आहे. त्यांनी दोनदा पाणी दिलं.

घरी आल्यावर सगळ्यांना समजावून सांगायची मी तयारी केली होती. कार्ड संपलं तरी हक्क संपत नाही, मुदत कार्डाची असते, राहण्याची नसते, वगैरे. तात्यांनी पहिल्या वाक्यालाच थांबवलं. "म्हणजे पोचपावतीवर चाललालास की. त्यात सांगायचं काय?"

मला दोन महिने झोप नव्हती आणि आमच्या ओसरीवर एकालाही आश्चर्य वाटेना. चुलतभावाचं रेशनकार्डात मुलीचं नाव घालायचं पावतीवर चाललं होतं. वहिनींचा जातीचा दाखला पावतीवर. शेजारच्या काकांचा पीकविमा पावतीवर, तोही मागच्या हंगामाचा. अण्णांचा फेरफार तर पावतीचीही झेरॉक्स काढून तिच्यावर. मराठवाड्यात माणूस मुळात पोचपावतीवरच जगतो. मूळ कागद हा नातवंडांच्या नशिबातला भाग. घाबरलेला एकटा मीच होतो, कारण मधल्या दहा वर्षांत माझी सवय मोडली होती.

"बोटाचे ठसे घेतले का रे?" आईने विचारलं.

"नाही, जुनेच चालतील म्हणाले."

आई बराच वेळ गप्प बसली. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा कधी एका झटक्यात उमटत नाही. पन्नास वर्षं भाकरी थापून रेषा गेल्या. दर महिन्याला ती अंगठा पदराला पुसते, दुकानदार म्हणतो "अजून एकदा, मावशी," आणि मागची रांग कुरकुरते. सातासमुद्रापार कुणीतरी जुने ठसे चालवून घेतं, हे तिला माझ्या पगारापेक्षा मोठं वाटलं.

मग रोजचा कार्यक्रम ठरून गेला. सकाळी चहा घेऊन अण्णा आणि मी ओट्यावर बसायचो, दोघांच्या हातात मोबाइल. अण्णा 'आपली चावडी' या सरकारी साइटवर गाव निवडून फेरफाराची नोटीस लागली का बघायचे. मी माझा केस नंबर टाकायचो. तलाठी नोंद घेणार, पंधरा दिवस हरकतीची नोटीस लागणार, हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी मंजूर करणार: असा सरळ कारभार. फक्त तलाठी नोंद घेत नव्हता. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. अण्णा म्हणतात, अगोदर नाव बदलायची सोय त्यांनी स्वतःची करून घेतली.)

"तुझं काय म्हणलालंय?"

"केस मिळाली म्हणतंय. तुमचं?"

"माझं फिरलालंय." म्हणजे स्क्रीनवरचं चाक.

एके सकाळी मी खिसा चाचपला आणि कागद नव्हता. उशीखाली नव्हता, पासपोर्टात नव्हता. मी आईच्या गव्हाच्या डब्यातही हात घालून पाहिला. तेवढ्यात अण्णा फाटकातून आले, हातात पिशवी, चेहऱ्यावर मुलाचं भलं केल्याचं समाधान.

त्यांनी माझा कागद लॅमिनेट करून आणला होता.

मूळ कागद. चांगल्या जाड प्लास्टिकमध्ये, कडा गोल कापून. सोबत दहा रंगीत झेरॉक्स. "आंबील सांडलं, घाम लागला, काही होऊ दे आता," ते म्हणाले. "शाळेच्या निर्गम उताऱ्यापास्नं तुझं सगळं मीच लॅमिनेट केलेलं हाय. फुटलं का एक तरी?"

काही कागदांचं लॅमिनेशन केलं की ते रद्द होतात, हे मला कुठेतरी वाचल्यासारखं आठवत होतं. हा त्यातला आहे का, ते आठवत नव्हतं. प्लास्टिक सोलून काढावं तर अक्षरंही त्याच्याबरोबर येतील. मी तो कागद उन्हात धरला. खात्याचं चिन्ह चकाकलं. डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या आत एक केस अडकला होता, बहुधा झेरॉक्सवाल्याचा. अमेरिकेचं सरकार, मी आणि एक उदगिरी केस, तिघे कायमचे सीलबंद.

तिकडच्या मदत क्रमांकावर फोन केला. यंत्राने माझं बोलणं ऐकून घेतलं आणि मला पत्ता बदलायचा आहे असा निष्कर्ष काढला. मी फोन ठेवला.

येळवसला शेतात गेलो. दुपारी कोपीभोवती "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत आंबील शिंपून झालं, जेवणं झाली, आणि माणसं कडब्याच्या सावलीला आडवी झाल्यावर तात्यांनी विषय काढलाच. "मग तिकडचाच नागरिक का होत नाहीस? रोजची कटकट मिटंल."

प्रश्न बरोबर होता. पाच वर्षांपूर्वीच होता आलं असतं. पण आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. तिकडची शपथ घेतली की इकडचा पासपोर्ट परत करायचा. शेतजमीन वारसाने आली तर ठेवता येते, विकत घेता येत नाही. मी आयुष्यात एक गुंठा विकत घेणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी तो फॉर्म उघडला की दर वेळी काहीतरी दुसरं काम आठवतं.

"मग इकडंच ऱ्हा," आत्या म्हणाली.

तेही जमत नाही. वर्षभरापेक्षा जास्त बाहेर राहिलं आणि आधी परवाना काढलेला नसला तर तिकडच्यांना वाटतं, यानं घर सोडलं. सहा महिन्यांच्या पुढेच प्रश्न सुरू होतात.

त्यावर तात्या हसले आणि आजोबांच्या ट्रंकेतल्या कागदाचं सांगू लागले. आजोबा निजामाच्या काळात शाळेत मास्तर लागले ते मुलकी दाखल्यावर. हैदराबाद संस्थानात सरकारी नोकरी मुलकी माणसालाच मिळायची, म्हणजे संस्थानातल्या माणसाला. बाहेरून आलेल्याला मुलकी व्हायचं असेल तर पंधरा वर्षं इथे राहावं लागे, आणि वर प्रतिज्ञापत्र द्यावं लागे की मूळ गावी परत जायचा विचार मी सोडून दिला आहे. 17 सप्टेंबर 1948ला संस्थान गेलं. दाखला उर्दूत आहे, घरात कुणाला वाचता येत नाही, पण अजून जपून ठेवलाय. लॅमिनेट केलेला.

"म्हणजे तुझी अमेरिका निजामाचंच चालवलालीय," तात्या म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

मी मात्र जागा होतो. विचार सोडला, असं कागदावर लिहून देता येतं? आजोबांच्या काळात कुणीतरी गुलबर्ग्याच्या नाहीतर बिदरच्या कचेरीत लखनौकडून येऊन उभा राहिला असेल, तिथल्या आंब्याच्या झाडाचा विचार सोडला म्हणून सही केली असेल. त्या रात्री त्याला झोप लागली का, हे कुठल्या दप्तरात नोंदवलेलं नसणार. समोर हरभरा होता, थोडं ऊन होतं. आईने पितळी भरून आंबील पुन्हा माझ्यापुढे ठेवली.

परतीचं विमान हैदराबादहून. आम्हाला मुंबईपेक्षा ते जवळ. बिदर, जहिराबाद करत शमशाबाद. सोडायला सात माणसं आणि एक जीप, शिवाय शेंगाची चटणी, काळा मसाला आणि "तिकडं मिळत न्हाई" म्हणून पाच किलो ज्वारीचं पीठ.

काउंटरवरच्या पोराने कार्ड पाहिलं. "साब, ये तो खतम हो गया."

मी कागद काढला. तो चकाकला. पोराने तो दोन्ही हातांनी घेतला, आणि तिथेच काहीतरी बदललं. साध्या कागदाला माणूस एका हाताने धरतो. त्याने कोपरे तपासले, केसावर नखाने टिचकी मारली, उजेडात धरला. नियमात न बसणाऱ्या माणसाला विमानात बसवलं की तिकडे दंड कंपनीला बसतो, म्हणून ही पोरं आपल्यापेक्षा जास्त घाबरलेली असतात. त्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मग आत जाऊन मोठ्या साहेबाला घेऊन आला. साहेबाने चष्मा वर केला.

"ये लॅमिनेशन वहीं से आता क्या?"

खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून मी काहीच बोललो नाही. मान मात्र थोडी हलली असावी.

"अच्छा पक्का काम करते वो लोगां," साहेब म्हणाला. कॉम्प्युटरमध्येही हाच नियम लिहिलेला निघाला आणि बोर्डिंग पास छापला. काचेपलीकडे अण्णा उभे होते. त्यांनी अंगठा वर केला. त्यांना ऐकू काही आलं नव्हतं, पण प्लास्टिक कुणाच्या हातात किती वेळ राहिलं ते त्यांनी मोजलं होतं.

तिकडच्या विमानतळावर फारसं काही झालं नाही. अधिकाऱ्याने कागद टेबलावर वाजवून पाहिला आणि हे कुणी केलं विचारलं. वडिलांनी, म्हणालो. त्याने एकदा केसाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ठसे घेऊन जाऊ दिलं. पीठ मात्र मी फॉर्मवर लिहिलं होतं, ते उघडून बघितलं.

कार्ड अजून आलेलं नाही. सकाळचा कार्यक्रम आता व्हिडिओ कॉलवर चालतो; त्यांची संध्याकाळ, माझी सकाळ. एप्रिलमध्ये एकदा अण्णांचा फोन वेळेआधीच आला. फेरफार मंजूर झाला होता. स्वतः जाऊन उतारा घेऊन आले होते. मी अभिनंदन केलं, हरलो हे मान्य केलं.

"हरलास कुठं," ते म्हणाले. "नाव चुकवलंय. सातबाऱ्यावर माझ्या बापाचं आडनाव आमचं आणि माझं शेजाऱ्याचं." आता तहसीलला जमीन महसूल कायद्याच्या कलम 155खाली दुरुस्तीचा अर्ज दिलाय.

मग त्यांनी मोबाइल टेबलाकडे वळवला. अर्जाची पोचपावती होती. कडा गोल कापलेली.