पाडायची, पण कोणती?

नमस्कार. 'भिंत म्हणजे ताठरपणा. ती माणसांना तोडते. बर्लिनची पडली तेव्हा जगाने टाळ्या वाजवल्या आणि तुम्ही विटा-चुन्यात रमून तिची भलामण करता!' अशी तुमची तक्रार. सडेतोड लिहिलंत, तर उत्तरही तसंच देतो.

बर्लिनचं उदाहरण खरं तर माझ्या बाजूचं. ती भिंत मुख्यतः काँक्रीटची, पण ते सोडा. १९६१ ते १९८९ ती फक्त अडवायला उभी होती, कुणाचं छप्पर पेलायला नाही. म्हणून ती गेल्यावर काही कोसळलं नाही. कॉलम-बीमच्या इमारतीत दोन खोल्यांमधली चार इंची भिंत काढली तरी सहसा निभावतं. कॉलम नसलेल्या जुन्या बांधकामात मात्र वरचे मजले भिंतींवरच टेकलेले असतात. शिकागोच्या मोनॅडनॉक इमारतीच्या १८९१च्या १६ मजली भागात बाहेरच्या भिंती अशाच भार पेलणाऱ्या. तळाशी भिंत सुमारे सहा फूट जाड. एरवी प्लास्टर चढलं की पेलणारी कोणती आणि नुसती अडवणारी कोणती, हे दिसत नाही.

ऑफिसातही तेच. कुणी 'हे असं होणार नाही' म्हणून अडून बसला की आपण म्हणतो, भिंतीवर डोकं आपटतोय. कधी तो नुसताच आडमुठा असतो. कधी सगळ्या हिशेबाची शिस्त त्याच्या नकारावर तोललेली असते, आणि ते तो निवृत्त झाल्यावर कळतं.

ताठरपणाचं तर अजिबात पटलं नाही. विटांच्या सांध्यातला माल विटेपेक्षा नरमच हवा. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीच्या दरजा, म्हणजे हेच सांधे, कुणी हौसेने कडक सिमेंटने भरल्या, की ओल सांध्यातून बाहेर पडेनाशी होते. मग ती विटेतून वाट काढते आणि काही वर्षांत विटेचे पापुद्रे सुटू लागतात. सिमेंटची रेघ जागच्या जागी शाबूत, वीट मात्र झिजून आत गेलेली! भिंत 'मजबूत' करायला निघालेल्यांनीच अशा कितीतरी भिंती घालवल्यात.

'मग मनातल्या भिंतीही जपायच्या का?' हा तुमचा शेवटचा प्रश्न. अबोल्याच्या भिंतीवर काही टेकलेलं मला तरी दिसलेलं नाही. ती खुशाल पाडा. पण 'रात्री दहानंतर कामाचा फोन नको' हीसुद्धा भिंतच, आणि तिला मी हात लावू देणार नाही. माझी झोप तिच्यावर आहे.