‘सिम्बॉल टेबल काढून टाका, सिम्युलेशन पळेल’: हा सल्ला पाळू नका

कॉम्प्युटर आर्किटेक्चरवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो. तो असतो जेम-५बद्दल, म्हणजे अख्खं कॉम्प्युटर सॉफ्टवेअरमध्ये चालवून दाखवणाऱ्या सिम्युलेटरबद्दल. शब्द थोडेफार बदलतात, आशय हाच: ‘जेम-५वर लिनक्स बूट करायचं तर डिस्ट्रोची कर्नल फाइल उचला. सिम्युलेटर ती मेमरीत कॉपी करतो आणि तिथे उडी मारतो, बस. सिम्बॉल टेबल फक्त डिबगरसाठी असतं, ते स्ट्रिप करा म्हणजे सिम्युलेशन पळेल. ट्रेसमध्ये फंक्शनची नावं हवी असतील तर त्याच व्हर्जनची सिम्बॉलवाली फाइल कुठूनही आणा.’

(सिम्बॉल टेबल म्हणजे फंक्शनची नावं आणि त्यांचे पत्ते यांची यादी. स्ट्रिप करणं म्हणजे ती किंवा डिबगची माहिती फाइलमधून काढणं. ट्रेस म्हणजे चाललेल्या सूचनांची नोंद.) यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. मी हे तळमळीने लिहितोय, कारण या सल्ल्यामुळे नुसती रन फुकट जात नाही, तर शोधनिबंधात छापलेला आकडा चुकतो आणि कुणाला कळतही नाही.

‘डिस्ट्रोची कर्नल फाइल उचला’

बूट फोल्डरमधली व्हीएमलिनझ फाइल म्हणजे एक्स८६वर बीझेडइमेज. तिच्या सुरुवातीला रिअल मोडचा सेटअप कोड असतो, त्यामागे डीकॉम्प्रेसर आणि त्याच्या पोटात आवळून भरलेलं खरं कर्नल. जेम-५च्या लोडरला हवी असते व्हीएमलिनक्स, म्हणजे एल्फ फाइल (कोड, त्याचे पत्ते आणि सिम्बॉल टेबल एकत्र ठेवणारा फॉरमॅट). जीझिप केलेली एल्फ तो पहिल्या दोन बाइटवरून ओळखतो आणि उलगडून घेतो, पण बीझेडइमेज ही जीझिप केलेली एल्फ नव्हे.

इथे कुणीतरी सांगतं की कर्नलच्या सोर्समध्ये ‘एक्स्ट्रॅक्ट-व्हीएमलिनक्स’ नावाची स्क्रिप्ट आहे, ती वापरा. स्क्रिप्ट चांगलीच आहे, पण तिच्यातून बाहेर पडणारी एल्फ बांधणीच्या वेळीच स्ट्रिप झालेली असते. बूट होईल, नावं एकही मिळणार नाहीत. नावं का लागतात ते पुढे येईलच. सरळ मार्ग हा की कर्नल स्वतः कंपाइल करायचं आणि सोर्सच्या मुळाशी तयार होणारी व्हीएमलिनक्स वापरायची.

‘कॉपी करतो आणि उडी मारतो’

एक्स८६-६४ची व्हीएमलिनक्स फाइल उघडून तिचे प्रोग्रॅम हेडर बघा. पहिल्या सेगमेंटला, म्हणजे मेमरीत चढणाऱ्या तुकड्याला, दोन पत्ते दिसतील. एक व्हर्च्युअल: सोळा हेक्स अंकांपैकी आधी आठ एफ, मग ८१, मग सहा शून्यं. दुसरा फिजिकल: नेहमीच्या कॉन्फिगरेशनमध्ये बरोबर १६ एमबीवर. लोडर सेगमेंट ठेवतो फिजिकल पत्त्यावर, सिम्बॉल मात्र व्हर्च्युअल पत्त्यांवर लिहिलेले असतात. ठेवण्याआधी पत्त्यावर मास्क लावता येतो (म्हणजे वरचे बिट पुसता येतात), वर ऑफसेट मिळवता येतो. मास्क शून्य दिला तर कर्नलच्या लांबीवरून तो स्वतः सर्वांत अरुंद मास्क काढतो. एवढं करून कर्नल मेमरीच्या हद्दीबाहेर पडत असेल तर पत्ता-तपासणी रन तिथेच थांबवते.

उडी मारण्याआधीही बरंच काम असतं. एक्स८६वर बूटलोडरचं काम सिम्युलेटर स्वतः करतो: पेज टेबल मांडणं, प्रोसेसर ६४-बिट मोडमध्ये नेणं, मेमरीचा नकाशा आणि कमांड लाइन कर्नलला सापडेल अशा जागी ठेवणं. आर्मवर छोटा बूटलोडर आणि डिव्हाइस ट्रीची फाइल वेगळी चढवावी लागते.

कर्नल स्वतःचे पेज टेबल चालू करीपर्यंत त्याच्या पहिल्या काही सूचना फिजिकल पत्त्यांवर चालू शकतात. तेव्हा प्रोग्रॅम काउंटरमध्ये जो पत्ता असतो, तो मूळ सिम्बॉल टेबलात कुठेच नसतो. म्हणून जेम-५ कर्नलचे सिम्बॉल डिबग टेबलात दोनदा घालतो. एकदा मास्क आणि ऑफसेट लावून, प्रत्येक नावाला ‘कर्नल_इनिट.’ हा उपसर्ग जोडून. आणि एकदा जसेच्या तसे. उपसर्ग का लागतो, हे समजलं की टेबलाचा स्वभावच समजतो. पण त्याआधी स्ट्रिपचं बघू.

‘टेबल फक्त डिबगरसाठी, स्ट्रिप केलं की वेग वाढतो’

वेगाचा भाग चटकन निकालात निघतो. सिम्युलेट होणाऱ्या मेमरीत फक्त लोड करण्याजोगे सेगमेंट जातात. सिम्बॉल टेबल आणि डिबगची माहिती तिथे जातच नाही, ती यजमान मशीनवर राहते आणि सुरुवातीला एकदाच वाचली जाते. ज्या रनला तास न् तास लागतात, तिथे ही बचत मोजण्यासारखीही नसते. फाइल मोठी होते ती मुख्यतः डिबगच्या माहितीमुळे. डिस्कवर जागा नसेल तर फक्त तेवढीच काढणारा स्ट्रिपचा पर्याय वापरा, टेबल शाबूत राहतं. सल्ल्यातला बरोबर म्हणता येईल असा भाग एवढाच.

‘फक्त डिबगरसाठी’ हे मात्र घातक आहे. जेम-५ टेबलातून नाव शोधून त्या पत्त्यावर पाळत बसवतो. कर्नल पॅनिक झालं की रन थांबवता येते, कारण ‘पॅनिक’ या फंक्शनचा पत्ता टेबलातून मिळालेला असतो. आर्मवर ‘यूडिले’ कुळातल्या फंक्शनांवरही अशीच पाळत असते. कर्नलला काही मायक्रोसेकंद थांबायचं असलं की खरं मशीन एक पोकळ लूप फिरवतं. सिम्युलेटर ते फंक्शन ओलांडतो आणि प्रोसेसरला तेवढाच वेळ निजवतो. सिम्युलेशनमधला वेळ तेवढाच जातो, पण लूपच्या सूचना चालवाव्या लागत नाहीत.

आता टेबल काढून टाका. ‘यूडिले’ सापडत नाही, पाळत बसत नाही आणि काही आवृत्त्यांत त्याबद्दल कुणी ओरडतही नाही. पोकळ लूप खरोखर फिरतो. चाललेल्या सूचनांची संख्या फुगते, त्या लूपमध्ये शाखांचा अंदाज जवळजवळ कधीच चुकत नसल्यामुळे ब्रँच प्रेडिक्टर छान दिसू लागतो, प्रति सायकल सूचनांचं गुणोत्तर बदलतं. ड्रायव्हर सुरू होतानाचा काळ मोजणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवेल. एकाने टेबलासकट मोजलं आणि दुसऱ्याने टेबलाविना, तर त्या दोघांचे आकडे शेजारी मांडताच येत नाहीत.

‘पॅनिक’ हे नाव नसेल तर काय होतं, ते जेम-५ची आवृत्ती आणि सेटिंग यांवर अवलंबून असतं. काही ठिकाणी रन सुरुवातीलाच नकार देते. तो नकार ही मदत समजा. एका शुक्रवारी मी स्ट्रिप केलेलं कर्नल आणि डिस्कचं चुकीचं नाव देऊन रन लावली होती. रूट फाइलसिस्टिम सापडली नाही, कर्नल पॅनिक झालं, आणि पॅनिकनंतर लिनक्स जो अखंड लूप फिरवतं तो सोमवारी सकाळपर्यंत फिरत होता. टर्मिनलवरची शेवटची ओळ शुक्रवारीच उमटली होती.

‘ट्रेसमध्ये नाव आलं म्हणजे झालं’

हे सल्ल्यात उघड लिहिलेलं नसतं, गृहीत धरलेलं असतं. फसगत सर्वांत जास्त इथेच होते.

ट्रेसमध्ये प्रत्येक सूचनेपुढे नाव आणि ऑफसेट येतो. हे नाव येतं कुठून? त्या पत्त्याच्या खालच्या बाजूला सर्वांत जवळचा जो सिम्बॉल असेल, तो उचलला जातो. मी ज्या आवृत्तीवर काम केलं, तिच्यात फंक्शन किती बाइटचं आहे हे या शोधात बघितलं जात नव्हतं. त्यात टेबलाचा स्वभाव असा की एका पत्त्याला कितीही नावं चालतात, पण एक नाव टेबलात एकदाच येऊ शकतं. दुसऱ्यांदा तेच नाव आलं की ती नोंद पत्त्यासकट टाकून दिली जाते. ‘कर्नल_इनिट.’ हा उपसर्ग लागतो तो याचसाठी. तो नसता तर दुसरी अख्खी प्रत गळून पडली असती.

लिनक्समध्ये स्टॅटिक फंक्शनांची नावं सर्रास सारखी असतात. ‘इनिट_वन्स’ हे नाव तर एकेका फाइलसिस्टिमने आपापल्या फाइलमध्ये वापरलेलं आहे. टेबलात त्यातलं पहिलंच टिकतं. बाकीच्यांच्या सूचना चालताना ट्रेसमध्ये नाव येतं ते त्यांच्या खालच्या शेजाऱ्याचं. मी एकदा असंच एक छोटं फंक्शन ‘गरम’ समजून दोन दिवस वाचत बसलो. शेवटी एनएम (फाइलमधले सिम्बॉल दाखवणारं टूल) चालवून त्याचा आकार पाहिला: ६४ बाइट. ट्रेसमधले ऑफसेट तीनशेच्या पुढे होते. म्हणजे त्या सूचना त्या फंक्शनच्या नव्हत्याच. तेव्हापासून ऑफसेट आकाराहून मोठा असेल ती ओळ मी वेगळी काढतो. पाच ओळींच्या स्क्रिप्टचं काम आहे.

मॉड्यूलचं असंच. मॉड्यूल चालू कर्नलमध्ये नंतर चढतात, व्हीएमलिनक्सच्या टेबलात त्यांचा पत्ताच नसतो. एक्स८६-६४वर त्यांची जागा कर्नलच्या कोडच्या वरच्या अंगाला, म्हणून मॉड्यूलमधल्या सूचनांना कर्नलच्या शेवटाकडचं एखादं नाव आणि अवाढव्य ऑफसेट चिकटतो. उपाय दोन आहेत. हवे ते ड्रायव्हर कर्नलमध्येच बिल्ट-इन करा. नाहीतर मॉड्यूल चढल्यावर पाहुण्या (सिम्युलेटरच्या आत चालणाऱ्या) सिस्टिममधून एम५ युटिलिटीच्या ‘लोडसिम्बॉल’ कमांडने पत्ते आणि नावं टेबलात भरा. तिला पत्ता, एक अक्षर, नाव अशी कॉलसिम्सच्या (चालू कर्नल स्वतः दाखवतं त्या सिम्बॉलांच्या यादीच्या) धाटणीची यादी चालते.

‘त्याच व्हर्जनची सिम्बॉलवाली फाइल कुठूनही आणा’

व्हर्जन सारखं म्हणजे पत्ते सारखे, असं नसतं. कॉन्फिगमधला एक पर्याय बदलला किंवा कंपायलर बदलला, की पुढची सगळी फंक्शनं सरकतात. नावं येतात, वाचायला सुसंगतही वाटतात, आणि चूक असतात. जुळवायचं तर बिल्ड-आयडी, म्हणजे त्या बांधणीची ओळखखूण, जुळवा. तो व्हीएमलिनक्सच्या नोट्स सेक्शनमध्ये असतो आणि चालू कर्नलमध्ये सिस-एफएसखाली वाचता येतो.

क्यूइमू या दुसऱ्या एम्युलेटरवर बीझेडइमेज चालवणाऱ्यांसाठी यात आणखी एक पेच आहे. एक्स८६वर लिनक्स ४.१२पासून (२०१७) पत्ते यादृच्छिक करणारं केएएसएलआर मुळातच चालू असतं, त्यामुळे फाइल अगदी बरोबर असली तरी जीडीबी या डिबगरमधली नावं दर बूटला सरकलेली असतात. कमांड लाइनवर ‘नोकेएएसएलआर’ लिहिलं की प्रश्न मिटतो. जेम-५वर व्हीएमलिनक्स थेट चढवली तर कर्नलच्या कोडबाबत हे होत नाही, कारण जागा निवडण्याचं काम डीकॉम्प्रेसर करतो आणि तो तिथे चालतच नाही. क्यूइमूवरच्या ट्रेसचे पत्ते जेम-५च्या ट्रेसशी ताडून पाहणार असाल, तर क्यूइमूचं बूट आधी या पर्यायासह पुन्हा करा.