‘काचबिंदूचा बीपी-शुगरशी संबंध नाही’: या फॉरवर्डमधला एकेक दावा तपासू

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमध्ये एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: काचबिंदू म्हणजे डोळ्याचं प्रेशर वाढणं, ते 21च्या (मिमी पाऱ्याच्या) आत असेल तर निर्धास्त राहा. बीपी, शुगर, दमा यांचा त्याच्याशी संबंध नाही, उलट बीपी जितकं कमी तितकं डोळ्यांना बरं. स्टेरॉइडचा धोका फक्त वर्षानुवर्षं थेंब घालणाऱ्यांना. रोज शीर्षासन करा, दृष्टीची नस मजबूत होईल. आणि डोळ्यांचे थेंब डोळ्यांतच राहतात.

‘21च्या आत म्हणजे निर्धास्त.’ काचबिंदूत खरं तर डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस झिजते; डोळ्याचा वाढलेला दाब हे त्याचं एकमेव कारण नाही. जपानच्या ताजिमी शहरात 2000-01 मध्ये 40 वर्षांवरच्या लोकांची तपासणी झाली. तिथे उघड्या कोनाच्या (डोळ्यातलं पाणी निचरण्याची वाट वरवर उघडीच दिसते त्या, साध्या प्रकारच्या) काचबिंदूचे जे रुग्ण सापडले, त्यांतल्या 92 टक्क्यांचा दाब 21 किंवा त्याहून कमीच होता. शिवाय यंत्रावर दिसणारा आकडा कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक आवरणाच्या, जाडीवर अवलंबून असतो. कॉर्निया पातळ असेल तर दाब प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या पाहणीत कॉर्नियाची सरासरी जाडी 514 मायक्रॉन निघाली; युरोपीय वंशाच्या लोकांत ती साधारण 540-550 असते. लेसिक (चष्मा घालवण्यासाठी कॉर्निया पातळ करणारी शस्त्रक्रिया) करून घेतलेल्यांनाही हेच लागू पडतं. चष्म्याच्या दुकानात हवेची फुंकर मारून ‘प्रेशर नॉर्मल’ सांगितलं, पण दृष्टीची नस कुणी पाहिलीच नाही, तर काचबिंदूची तपासणी झाली असं म्हणता येत नाही.

‘बीपी जितकं कमी तितकं बरं.’ सगळ्यात घातक ओळ ही. नसेला रक्त मिळतं ते दोन दाबांमधल्या फरकावर: रक्त आत ढकलणारा बीपीचा दाब आणि त्याला अडवणारा डोळ्याचा दाब. दिवसा खालचं बीपी 80 आणि डोळ्याचा दाब 16 असेल तर फरक 64. रात्री आडवं झाल्यावर डोळ्याचा दाब थोडा चढतो, समजा 20 झाला; आणि झोपेत खालचं बीपी 50वर आलं, तर उरले 30. बाल्टिमोरच्या पाहणीत हा फरक 30च्या खाली असलेल्यांत काचबिंदूचं प्रमाण 50च्या वर असलेल्यांच्या सहापट आढळलं. ती मोजणी दवाखान्यातली होती, झोपेतली नव्हे, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

झोपेत बीपी 10 ते 20 टक्के उतरणं स्वाभाविक आहे. त्याहून जास्त उतरणाऱ्यांची नस डोळ्याचा दाब आटोक्यात असूनही झिजत राहू शकते. त्यात बीपीची गोळी झोपताना घेतली, तर तिचा जोर नेमका त्याच वेळी येतो. गोळी सकाळी घ्यावी की रात्री, यावर ब्रिटनमध्ये 21 हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या ‘टाइम’ चाचणीत (2022) हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या बाबतीत फरक दिसला नाही. म्हणजे नस झिजत असेल तर वेळ बदलायला बहुधा वाव असतो. पण तो बदल फिजिशियनने करायचा. आधी 24 तासांचं बीपी मोजून घ्यायचं आणि गोळी मनानं बंद करायची नाही. वाढलेलं बीपी तसंच सोडलं तर पडद्याची मुख्य शीर तुंबू शकते, आणि त्यातूनही काचबिंदू होतो.

‘शुगरचा संबंध नाही.’ मधुमेहाने पडद्याला रक्त कमी पडू लागलं की शरीर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवते. त्या आयरिसवर (बाहुलीभोवतीच्या रंगीत भागावर) आणि पाणी निचरा होण्याच्या कोनात पसरल्या की वाट बंद होते, दाब 40-50वर जातो, डोळा ठणकतो. शीर तुंबल्यावरही हेच घडतं, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत; म्हणून त्या काळात दर महिन्याला तपासणी, आणि तीही बाहुली मोठी करण्याआधी आयरिस पाहून. साध्या, उघड्या कोनाच्या काचबिंदूशी मधुमेहाचं नातं मात्र इतकं सरळ नाही. अमेरिकेतल्या 2002च्या एका मोठ्या अभ्यासात तर मधुमेही सुरक्षित दिसले होते! कारण पडद्याला इजा झालेले मधुमेही त्यातून आधीच वगळले होते.

‘स्टेरॉइडचा धोका वर्षानुवर्षं थेंब घालणाऱ्यांनाच.’ डेक्सामेथासोनसारखे थेंब सलग 4 ते 6 आठवडे घातले तर साधारण तिघांपैकी एकाचा दाब चढतो, आणि शंभरातल्या पाचेकांचा फारच. निचऱ्याची जाळी तुंबते; दुखत काहीच नाही. उलट लाली आणि खाज गेल्यामुळे औषध लागू पडलं असं वाटतं. उन्हाळ्यात डोळे खाजणाऱ्या मुलांचं नुकसान असंच होतं: गेल्या वर्षीची चिठ्ठी मेडिकलवर दाखवायची आणि तीच बाटली पुन्हा आणायची. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन आहे का पाहा. अँटिबायोटिकबरोबर मिसळलेल्या थेंबांच्या नावाच्या शेपटाला अनेकदा ‘डी’ किंवा ‘डेक्स’ असतं. पापण्यांवर लावायचं मलम, संधिवाताच्या गोळ्या, दीर्घकाळ मोठ्या डोसचा इन्हेलर यांनीही दाब चढू शकतो. म्हणून दम्याचा पंप टाकून द्यायचा नाही, दाब मोजून घ्यायचा.

मायग्रेन, थंडीत बोटं पांढरी पडणं, घोरताना श्वास अडकणं या गोष्टी डोळ्याचा दाब 21च्या आत असूनही होणाऱ्या काचबिंदूत वारंवार भेटतात. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगाव्यात. मायग्रेन किंवा फिट्ससाठी टोपिरामेट सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात अचानक दोन्ही डोळ्यांना धूसर दिसू लागलं आणि डोळे दुखले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं.

‘शीर्षासनाने नस मजबूत.’ चेन्नईत नियमित योग करणाऱ्यांचा दाब प्रत्यक्ष शीर्षासनात मोजला, तो जवळपास दुप्पट भरला. काचबिंदू असलेल्यांनी डोकं खाली, पाय वर अशी आसनं सोडावीत. चालायला मुभा आहे.

‘थेंब डोळ्यांतच राहतात.’ थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतात आणि तिथून थेट रक्तात, गोळीसारखे आधी यकृतातून गाळले न जाता. काचबिंदूसाठी सर्रास दिलं जाणारं टिमोलोल दमेकऱ्याला धाप लावू शकतं, नाडी मंद करू शकतं. दमा किंवा हृदयाचा ब्लॉक (रक्तवाहिनीतला नव्हे, ठोक्यांच्या विद्युतसंकेतांतला अडथळा) असेल तर थेंब लिहून देण्याआधी सांगा. एकच थेंब टाका, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरा, दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी. फिजिशियनकडे जाताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर ही बाटलीही न्या.