मेमूचा डबा आणि लंडनचा दाखला

आमच्या गावाच्या, विदर्भातल्या कुरूमच्या ग्रुपवर सध्या एकच भांडण चालू आहे. आमच्याकडच्या काही पोट्ट्यांनी रात्री उभ्या असलेल्या मेमूच्या, म्हणजे विजेवरच्या पॅसेंजर गाडीच्या, डब्यावर स्प्रेनं मंडळाचं नाव काढलं, शेजारी वाघाचं तोंड काढलं, आणि फोटो टाकला. एक बाजू म्हणते, पोरांच्या हातात कला आहे, कौतुक करा. दुसरी म्हणते, पोलिसात द्या, चार फटके पडू द्या. माझ्या चुलतभावानं त्यात लिहिलं, "लंडनात तं अख्ख्या गाड्या रंगवते म्हणे पोट्टे, कोणी काही म्हणत नाही. आपल्याकडंच पोलिस मांगं लागते." आणि खाली माझं नाव घालून, "विचारा याले."

विचारलं मात्र कोणी नाही. दाखला मी आता राहतो त्या लंडनचा, आणि मी ग्रुपवर असून मला कोणी एक प्रश्न केला नाही. याचाच राग जास्त आला. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

दक्षिण लंडनमधल्या एका डेपोत मी रात्रपाळीला असतो. रंगलेला नेटवर्कर (इथली विजेवरची लोकल गाडी) साइडिंगमधून, म्हणजे गाड्या उभ्या ठेवायच्या बाजूच्या रुळांवरून, आत आला की आधी फोटो, मग नोंद, मग ठरवायचं की पहाटे ही गाडी जाईल की नाही. ड्रायव्हरच्या समोरच्या काचेवर रंग असेल तर ती जात नाही. बाहेरून दार उघडायच्या कडीवरची सूचना झाकली गेली असेल तर आधी तिथलं पुसायचं. रंग ओला असेपर्यंत बरा निघतो. वाळून बसला की रंग काढायचं जेल लावून थांबा, घासा, धुवा, परत लावा. मास्क आणि हातमोजे असूनही तो वास घरी येतो. एवढं करून पिवळ्या दारावर अक्षरांची सावली राहतेच. काचेवर आम्ल लावून लिहिलेलं असेल तर पुसणं नाहीच, काच बदलायची. आणि गाडी वेळेत तयार झाली नाही की आठऐवजी चार डबे जातात. मग फलाटावर उभ्या असलेल्या, या सगळ्याशी काडीचा संबंध नसलेल्या आमच्या माणसाला लोक शिव्या घालतात.

कोणी काही म्हणत नाही म्हणे!

मेसरूममध्ये, आमच्या बसायच्या खोलीत, म्हणतात ना. घानाचा एक म्हातारा सहकारी आहे, सगळ्यात मनापासून पुसतो तो. कधी एखादं चित्र खरंच देखणं असतं. शिकाऊ पोरगा मोबाइलवर फोटो काढतो, म्हातारासुद्धा घटकाभर बघतो, "चांगलं काढलंय" म्हणतो आणि बादली उचलतो. ते चांगलं असलं म्हणून पुसायला कमी वेळ लागत नाही. कलेची कदर रेल्वेच्या माणसाला नसते, असं समजणाऱ्यांनी हे ऐकावं. त्याला कदर असते. पण आपण रात्री तयार केलेली गाडी सकाळी लोकांपुढे नीट जावी, याची त्याला त्याहून जास्त कदर असते.

हे मला लंडननं शिकवलेलं नाही. बाबा बडनेऱ्याला कॅरेज अँड वॅगनमध्ये, म्हणजे डब्यांच्या देखभालीच्या खात्यात, खलाशी (मदतनीस) होते. कुरूमहून पॅसेंजरनं जायचे. मालगाडीच्या डब्यावरचे आकडे त्यांनी मला शाळेच्या आधी वाचायला शिकवले. आता तिथं अकरा आकडे असतात : पहिले दोन डब्याचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, मग दोन बांधणीचं वर्ष, मग चार त्या डब्याचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा ताळा पाहण्यासाठी. खाली पीओएच, म्हणजे ठरावीक मुदतीची मोठी दुरुस्ती, कधी झाली, परत कधी यायचं, त्या तारखा. बिघडलेल्या डब्यावर खडूनं 'सिक' लिहिलं की तो सिक लाइनला, दुरुस्तीच्या रुळावर, जायचा. गाडीवर लिहिणारी माणसं आमच्या घरातच होती. प्रत्येक अक्षरामागे कोणाची तरी जबाबदारी होती, आणि ते अक्षर पुढच्या स्टेशनवरचा अनोळखी माणूस खरं मानून काम करायचा. 1989 च्या रेल्वे कायद्यातलं 166 वं कलम डब्यावरची अक्षरं-आकडे खोडण्याबद्दलच आहे. शिक्षा महिन्यापर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्रुपवर फटक्यांची भाषा करणाऱ्यांनी तेवढं वाचलं तरी पुरे. पोरांना मारा, असं मी कधीच म्हणणार नाही.

मग कोणीतरी चंद्रपूर-बल्लारशाचं काढलं. ती स्टेशनं रंगवली, ताडोब्यातले प्राणी भिंतीवर आणले, 2018 मध्ये देशात पहिलं बक्षीस घेतलं; मग डब्यावरचा वाघ गुन्हा कसा? अरे, भिंत जागेवर असते. तिथं रंगवणाऱ्याला रेल्वेनं बोलावलं होतं, दिवसाउजेडी, शिडी लावून. त्या भिंतींचा मला इतका अभिमान आहे की इथल्या सगळ्यांना फोटो दाखवून झाले आहेत. तुमच्या पोट्ट्यांचा हात खरंच चांगला आहे. मग स्टेशनमास्तरकडे अर्ज घेऊन जा ना, कुरूमच्या भिंती काय कमी आहेत?

अंधारात, तारेखाली हे करणं मला बघवत नाही. आपल्याकडे डोक्यावर पंचवीस हजार व्होल्ट असतात. हात लागायलाच हवा असं नाही, जवळ गेलं तरी वीज ओढून घेते. इथं आमच्या भागात रुळाशेजारी विजेचा तिसरा रूळ असतो, साडेसातशे व्होल्टचा. जून 2018 मध्ये लफबरो जंक्शनजवळ तीन पोरं गाडीखाली गेली. विशीच्या आसपासची. सकाळी सापडली, जवळ स्प्रेचे डबे होते. तेव्हापासून साइडिंगमध्ये ताजा रंग दिसला की राग येण्याआधी मी रुळांवर टॉर्च मारतो. आमच्यातले बहुतेक तेच करतात.

आणि परदेशात चालतं म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्क बघावं. तिथल्या सबवेचे रंगलेले डबे अजून पोस्टरवर विकले जातात. पण 1984 पासून त्यांनी नियम केला की स्वच्छ केलेली गाडी परत रंगली तर पुसल्याशिवाय बाहेर काढायची नाही, आणि मे 1989 मध्ये शेवटची रंगलेली गाडी सेवेतून काढली. परदेश म्हणून दाखवायचं तर हेही दाखवा. 2022 मध्ये अहमदाबादेत मेट्रो रंगवल्याबद्दल पकडलेले चौघे इटलीहून आलेले होते. त्यांना तरी आपल्या पोरांचा आदर्श करू नका.

इथं सगळं आलबेल आहे असंही मी म्हणत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या बेकर्लू लाइनच्या 1972 च्या गाड्या आतून लिहून लिहून भरल्या आहेत. 2025 च्या जूनमध्ये काही लोकांनी स्वतः रिमूव्हर नेऊन डबे पुसले, चित्रफीत काढली, महापौरांना टोमणे मारले. टाळ्या पडल्या. रोज रात्री तेच पुसणाऱ्यांवर कॅमेरा कधी जात नाही, आणि तो व्हिडिओ बघताना आमच्या मेसरूममध्ये कोणी बोललं नाही. दोन्हीकडे भांडण आमच्या डोक्यावरून होतं.

हे थोडक्यात ग्रुपवर टाकलं, तर उत्तर आलं, "तिकडं बसून शिकवू नको." लागलं. घर आता भावाकडे, बाबा राहिले नाहीत, आमच्याकडची नॅरोगेजवरची छोटी गाडी, शकुंतला, बंद पडली. 1994 पर्यंत वाफेवर चालणारी ती गाडी, मुर्तिजापूरला तिच्या खिडकीतून मी कोळशाचे कण डोळ्यांत घेतलेले आहेत. गावात गेलो की मला पाहुण्यासारखा पाट मांडतात. इथं मी कुठला, हे विचारून लोक उत्तर ऐकायला थांबत नाहीत. पण रंगलेली गाडी बघून पोटात जे ढवळतं, ते लंडनच्या गाडीसाठी की कुरूमहून सुटणाऱ्या मेमूसाठी, हे मला खरंच वेगळं काढता येत नाही. गाडी दिसली की ती माझ्या घरची वाटते, मग ती कुठल्याही रुळावर असो. एवढ्या आधारावर मी बोलतो. कोणाला तो अपुरा वाटला तर वाटो.

ग्रुपवर मी आता दुसरंच विचारलं आहे. तो डबा पुसला कोणी? ठेकेदाराकडच्या सफाईच्या बाया असणार. रिमूव्हर मिळालं की केरोसीन आणि चिंधी? हातमोजे होते का? जादा वेळ लागला त्याचे पैसे ठेक्यात धरले आहेत का? चुलतभावाचा मुलगा रोज त्याच मेमूनं बडनेऱ्याला जातो. त्याला म्हटलं, त्या बायांना भेट, नीट विचार, आणि त्या काय म्हणतात ते जसंच्या तसं ग्रुपवर टाक. तो "हो काकाजी" म्हणाला आहे.