खुलासा : ते छायाचित्र नाशिकरोड स्थानकाचे नाही

सिंहस्थाच्या तयारीत नाशिकरोड स्थानकाचा कायापालट झाला, असे सांगत उंच कमानदार खिडक्यांच्या एका भव्य इमारतीचे छायाचित्र नाशिकमधील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. प्रत्यक्षात ती इमारत म्हणजे अमेरिकेतील डेन्व्हर शहराचे युनियन स्टेशन आहे. छायाचित्र मोठे करून पाहिल्यास दर्शनी भागावरील ‘ट्रॅव्हल बाय ट्रेन’ ही निऑनची इंग्रजी अक्षरे स्पष्ट वाचता येतात. १९१४ मध्ये उभारलेला मधला भाग जतन करून हे स्थानक २०१४ मध्ये नव्या रूपात खुले झाले. ‘तेथील रेल्वे बंद करून हॉटेल काढले’ ही सोबत जोडलेली ओळही दिशाभूल करणारी आहे : इमारतीत हॉटेल आहे खरे, परंतु मागच्या फलाटांवरून लांब पल्ल्याच्या गाड्या आजही सुटतात, भूमिगत बसस्थानक आहे आणि २०१६ पासून विमानतळाची रेल्वेही तेथूनच धावते. शिवाय ‘शहराच्या मध्यवस्तीतील स्थानक’ असे लिहिणाऱ्याने नाशिक पाहिलेले दिसत नाही. नाशिकरोड जुन्या गावापासून इतके लांब आहे की, प्रवाशांना मेन रोडपर्यंत आणण्यासाठी एकेकाळी घोड्यांची ट्राम चालवावी लागत असे.