म्हणे देश म्हणजे आपलं घर!

इमिग्रेशनचा विषय निघाला की कोणीतरी हटकून तेच वाक्य फेकतं, "तू घराला कुलूप लावतोस ना, मग देशाने लावलं तर काय बिघडलं?" डोकं फिरतं राव माझं! अरे घर माझं ना, मग माझ्या घरात भाड्याने कोण राहणार ते मी ठरवू की सरकार? इंग्लंडमध्ये २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने घरमालकालाच भाडेकरूचे कागद तपासायला बसवलंय, नाही तपासले आणि बेकायदा भाडेकरू सापडला तर दंड. अमेरिकेत १९८६ पासून नोकरी देणाऱ्याच्या गळ्यात तेच काम. आणि ब्रिटिश नागरिकाला परदेशी बायको आणायचीये? एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पाउंडांचं उत्पन्न दाखवा, नाहीतर करा संसार फोनवर. यात बाहेरचा कोण आणि आतला कोण, सांगा ना मला. राजकीय तत्त्वज्ञ चंद्रन कुकाथस हेच कधीपासून सांगतोय, की बाहेरच्यांवर नजर ठेवायची तर आतल्यांवर ठेवावीच लागते, पण ऐकतंय कोण.

मग येतात तत्त्वज्ञ क्रिस्टोफर वेलमनवाले, देशाला बाहेरच्यांना नाकारायचा हक्क आहे म्हणणारे. कोणाशी जोडून घ्यायचं या स्वातंत्र्यात कोणाला नाही म्हणायचं हेही आलंच, लग्नात नाही का आपण नकार देत, वगैरे. बरोबर आहे, पण इथे मी हो म्हणतोय, समोरचा हो म्हणतोय, आणि नाही म्हणतोय तिसराच, आणि त्याला म्हणायचं माझं स्वातंत्र्य! शिवाय देश हा काही मी फॉर्म भरून जॉइन केलेला क्लब नाहीये, जन्मलो तिथे चिकटलो. तत्त्वज्ञ जोसेफ कॅरेन्सने १९८७ मध्येच लिहिलंय की श्रीमंत देशाचं नागरिकत्व म्हणजे सरंजामशाहीतल्या जन्मसिद्ध हक्कांसारखंच झालंय.

आणि तो संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा १९४८ चा जाहीरनामा, त्याचं कलम १३ वाचा एकदा. देशाच्या आत कुठेही फिरा, हक्क. कुठलाही देश सोडा, हक्क. दुसऱ्या देशात शिरायचा हक्क? त्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणजे निघायचं, पण जायचं कुठे, हवेत?

यावर सीमा राखायच्या बाजूने बोलणाऱ्या डेव्हिड मिलर या तत्त्वज्ञाचं उत्तर काय, तर माणसाला पुरेसे पर्याय असले की झालं, जगातले सगळेच कशाला हवेत. पुरेसे म्हणजे किती आणि ठरवणार कोण? उद्या म्हणाल तुझ्या देशात पुरेशा मुली आहेत, त्यातलीच एखादी बघ की!