फ्लोटची पट्टी बिचारी निर्दोष आहे

जुन्या मोटारसायकली बाळगणाऱ्यांत एक सल्ला हातोहात फिरतोय. सारांश असा: ‘कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळतंय? बाउल उघडा, फ्लोटची छोटी पट्टी पक्कडीने जराशी वाकवा, गळती बंद. कार्ब्युरेटर उलटा धरल्यावर फ्लोट बॉडीला समांतर दिसला की लेव्हल बरोबर. त्याहून थोडी कमी ठेवली तर ॲव्हरेजही वाढतं.’ (बाउल म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोल साठवणारी वाटी. तिच्यात तरंगणारा फ्लोट वर आला की त्याची पट्टी पिनला सीटवर, म्हणजे पेट्रोल येण्याच्या भोकावर, दाबते आणि पेट्रोल थांबतं. त्या वेळी बाउलमध्ये पेट्रोल जिथवर असतं ती लेव्हल.) पाच मिनिटांचं काम आणि खर्च शून्य, मग पसरणारच. मीही एकदा त्याच्या नादी लागलो होतो.

गळतीपासून सुरुवात करू. फ्लोटची पट्टी धातूची असते आणि ती आपण होऊन वाकत नाही. काल गाडी नीट चालत होती आणि आज बाउलखालून थेंब पडतोय, तर मधल्या काळात बदललं काय? टाकीतला गंज सुटून पिन आणि सीटच्या मध्ये अडकला असेल. पिनच्या टोकाला गोल खाच पडली असेल. भिंगातून पाहिलं तर ती स्पष्ट दिसते. सीटखालची ओ-रिंग कडक झाली असेल. किंवा पितळी फ्लोटला बारीक भोक पडून त्यात पेट्रोल शिरलं असेल. कानाशी धरून हलवला तर आत खळखळतं, आणि गरम पाण्यात बुडवला तर भोकातून बुडबुडे येतात. (आत पेट्रोल असलेल्या फ्लोटला तसंच सोल्डर लावायला जाऊ नका.)

पट्टी वाकवल्यावर गळती कधीकधी थांबते, हे मी नाकारत नाही. पिन लवकर सीटवर टेकते, वरून येणाऱ्या पेट्रोलमुळे फ्लोट आणखी बुडतो, जास्त जोर लावतो आणि झिजलेली पिन कशीबशी बसते. दुखणं जागेवरच राहतं, वर लेव्हल बिघडते ती वेगळी.

माझ्या जुन्या टू-स्ट्रोकवर मी तीन वेळा पट्टी वाकवली. दर वेळी दोन दिवस कोरडे जायचे आणि मग पुन्हा थेंब. शेवटी नुसता बाउल काढला, काठोकाठ पेट्रोलने भरला आणि कोऱ्या कागदावर ठेवला. तिथे ना फ्लोट होता, ना पिन. तरी थोड्या वेळाने कागदावर ओला ठिपका उमटला. बाउलमध्ये उभ्या असलेल्या ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या, पितळी नळीला केसाएवढी उभी चीर होती. पट्टी वाकवून मी पेट्रोल चिरेच्या खाली नेत होतो, एवढंच.

आता ‘समांतर’. हे वाक्य सगळ्यात फसवं, कारण काही मॉडेलांत ते योगायोगाने खरं ठरतं. पण पुष्कळशा मिकुनी आणि केहिन कार्ब्युरेटरांत फ्लोट पिनच्या मागे स्प्रिंगवर दबणारी बारीक टोपी असते. कार्ब्युरेटर पूर्ण उलटा केला की फ्लोटचं वजन ती स्प्रिंग दाबतं आणि माप चुकतं. म्हणून बॉडी तिरपी धरायची, पट्टी त्या टोपीला नुसती शिवली की थांबायचं, आणि गॅस्केट काढलेल्या कडेपासून फ्लोटपर्यंतचं अंतर मोजायचं. ते किती हवं हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतं, डोळ्यांत नसतं. 1967 मध्ये आलेल्या अमल कॉन्सेंट्रिक कार्ब्युरेटरच्या मूळ प्लास्टिक फ्लोटला तर वाकवायला पट्टीच नाही. तिथे बाउलमधली पितळी सीट वर-खाली सरकवावी लागते. हा सल्ला त्या कार्ब्युरेटरवर कसा लावणार?

आणखी एक घोळ इथेच होतो. हे अंतर वाढलं की पेट्रोलची लेव्हल कमी होते, आणि कमी झालं की वाढते. भलेभले इथे उलट दिशेला वाकवतात. शिवाय फ्लोट ज्या धुरीवर फिरतो तिच्यापासून पट्टी समजा 7 मिमीवर आहे आणि फ्लोटचं टोक 28 मिमीवर, तर पट्टी अर्धा मिमी हलली की टोक 2 मिमी हलतं. ‘जराशी’ म्हणजे किती, ते यावरून कळावं.

ॲव्हरेजच्या लालचेबद्दल थोडा हिशेब. पेट्रोल 1 मिमी जास्त उचलायला साधारण 7 पास्कल दाब लागतो. लेव्हल 3 मिमी उतरवली तर 21. व्हेंचुरीतून, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या हवेच्या अरुंद वाटेतून, हवा सेकंदाला 80 मीटर वेगाने जात असेल तर पेट्रोल वर ओढणारा दाबाचा फरक ढोबळपणे 3,800 पास्कल असतो, त्यात 21 कुठल्या कुठे जातात. पण थ्रॉटल नुकताच उघडताना वेग 15 मीटर धरला तर फरक जेमतेम 135 पास्कल, आणि त्यातले 21 म्हणजे जवळपास सहावा हिस्सा. म्हणून गाडी नेमकी पिकअप घेताना अडखळते. मग आपण चोक ओढतो, थ्रॉटल जास्त पिळतो, आणि वाचवलेलं पेट्रोल तिथेच जाळतो. लांब चढावर बाउल रिकामा पडू लागला तर ते आणखी वाईट. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी; पिस्टन जाम होण्याची वाट तीच.

खरी लेव्हल बघायची तर फ्लोट सोडा आणि पेट्रोल बघा. बाउलच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावा, ती बाउलच्या बाजूला उभी धरा, गाडी सरळ उभी करून टाकीचा कॉक उघडा आणि ड्रेन स्क्रू सैल करा. नळीत पेट्रोल जिथे थांबेल ती लेव्हल. मध्येच नळी खाली-वर केली तर वाचन चुकतं, तेव्हा ती खाली रिकामी करून पुन्हा सुरुवात करा.

नवी पिन किंवा नवा फ्लोट बसवल्यावर या नळीत फरक दिसला, तर मात्र पट्टी जरूर वाकवा. फक्त आधी फ्लोट काढून हातात घ्या. पिन सीटवर असताना वरून दाबलंत, तर नव्या पिनच्या टोकालाही पहिल्याच दिवशी खाच पडेल.